सोपाऱ्याचा शिलालेख आणि तीनशेतली एक प्रत

विरार लोकलने रोज जाणारा-येणारा आपला माणूस नालासोपारा स्टेशन दोन कारणांनी ओळखतो, तिथली गर्दी आणि तिथलं परवडणारं घर. पण पश्चिमेला उतरून रिक्षाने जुन्या सोपारा गावाकडे गेलं की विटांचा एक मोठा गोल ढीग दिसतो. भोवती ताडमाडाची झाडं आहेत. हाच सोपाऱ्याचा स्तूप. बुद्धपौर्णिमेला इथे पाय ठेवायला जागा नसते. इतर दिवशी मात्र चार-दोन माणसं सावलीला बसलेली असतात.

गावकरी पूर्वी या टेकाडाला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरलं. आत दगडाची एक पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक होता आणि त्याच्याभोवती धातूच्या आठ लहान मूर्ती होत्या. करंडकाच्या आत एकात एक बसवलेल्या डब्या निघाल्या, त्यांत चांदीची होती, स्फटिकाची होती आणि सर्वांत आत सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत काय असावं? हिरा नाही, माणिक नाही. मातीच्या भांड्याचे लहान लहान तुकडे! भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे ते तुकडे, अशी श्रद्धा. ही पेटी पुढे मुंबईला टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे गेली.

वस्तूची किंमत कशावरून ठरते, हा प्रश्न त्या मातीच्या तुकड्यांपाशी उभा राहतो. तोच प्रश्न आज अगदी वेगळ्या वाटेने आपल्या घरात आला आहे. नालासोपारा, विरार, वसईच्या चाळींत आणि इमारतींत जपानी कार्टून पाहणारी मुलं आहेत. मोठ्या डोळ्यांच्या पोरीचं चित्र, हसणाऱ्या फुलांचं चित्र ती भिंतीवर चिकटवतात. त्यातलाच एखादा कमावता झाला की मोबाइलवर पाहून विचारतो, ‘हे जपानी चित्रकाराचं लिमिटेड एडिशन प्रिंट आहे, घेऊ का?’ आईबापांना यातलं काही कळत नाही. ते ‘कागदाला एवढे पैसे?’ म्हणून गप्प बसतात. म्हणून ही गोष्ट समजून घेऊ.

लिमिटेड एडिशन म्हणजे ठरवून दिलेल्या संख्येइतक्याच प्रती छापायच्या आणि पुढे छपाई बंद करायची. प्रत्येक प्रतीवर क्रमांक लिहितात. कोपऱ्यात 57/300 असं लिहिलेलं असेल तर तीनशे प्रतींपैकी ती सत्तावन्नावी. शेजारी चित्रकार स्वतःच्या हाताने सही करतो. ताकाशी मुराकामी (जन्म 1962) यांनी अनेक चित्रांच्या अशा तीनशे-तीनशे प्रती काढल्या आहेत. योशितोमो नारा (जन्म 1959) यांची रागीट डोळ्यांची लहान मुलं आणि यायोई कुसामा (जन्म 1929) यांचे ठिपकेदार भोपळे हेही जगभर जमवले जातात. जाहिरात, खेळणी, कार्टून यांची भाषा ही मंडळी चित्रात आणतात, म्हणून त्यांना ‘पॉप’ म्हणायचं.

गंमत अशी की छापील चित्रांची जपानी परंपरा मुळात श्रीमंतांची नव्हतीच. दोनशे वर्षांपूर्वी तिथे लाकडी ठशांवरून रंगीत चित्रं छापत आणि शहरातले कष्टकरी, दुकानदार ती विकत घेत. होकुसाई या चित्रकाराची समुद्राच्या प्रचंड लाटेची सुप्रसिद्ध तसबीर 1831 च्या सुमाराची. तेव्हा अशा चित्राला एक-दोन वाट्या शेवयांइतकेच पैसे पडत. क्रमांक नाही, मर्यादा नाही. मागणी असेपर्यंत छापत राहायचं. हजारो प्रती निघाल्या, लाकूड झिजलं, बारीक रेघा तुटल्या. आज जाणकार त्या तुटलेल्या रेघा पाहूनच प्रत आधीची की नंतरची हे ओळखतात.

आपण कामगार माणसांनी इथे आणखी एक गोष्ट पाहावी. त्या चित्रामागे चार हात होते. काढणारा चित्रकार, लाकूड कोरणारा, रंग लावून छापणारा आणि पैसा घालणारा प्रकाशक. चित्रावर बहुधा चित्रकाराचं आणि प्रकाशकाचं नाव येई. केसाएवढी रेघ लाकडात जिवंत ठेवणाऱ्या कोरक्याचं आणि प्रत्येक रंगाचा ठसा जागच्या जागी बसवणाऱ्या छपाईवाल्याचं नाव क्वचितच दिसतं. जगाने लाट पाहिली, ती लाकडात कोरणारा हात पाहिला नाही.

मुराकामी यांचं एक काम आपल्याला जवळचं वाटावं असं आहे. 11 मार्च 2011 रोजी जपानात भूकंप झाला आणि समुद्राने गावंच्या गावं गिळली. त्यानंतर त्यांनी पाचशे अर्हतांचं चित्र काढायला घेतलं. हे चित्र शंभर मीटर लांब आहे. एकट्याच्या हाताने ते होणार नव्हतं, म्हणून कला महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांची मोठी फळी कामाला लागली. 2012 साली ते कतारमध्ये दोहाला दाखवलं गेलं, 2015 साली टोकियोला. कार्टूनची हसरी फुलं काढणारा माणूस संकट आल्यावर अर्हतांकडे वळला. त्याआधी 2007 साली त्यांनी बोधिधम्माची चित्रं केली होती. जपानात त्यांना ‘दारुमा’ म्हणतात. त्या चित्रांच्याही तीनशे-तीनशे प्रती निघाल्या. म्हणजे ज्याला आपण परक्या देशातलं कार्टून समजतो, त्याच्या मुळाशी आपली ओळखीची माणसं बसलेली असतात.

आता परत सोपाऱ्याला येऊ. स्तूप सापडला त्याच 1882 साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा 1956 साली जवळच्या भुईगावला मिळाला. आठव्या लेखाचा विषय प्रवास हाच आहे. पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरायला जात. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या यात्रा धम्मयात्रा झाल्या, असा त्याचा आशय. हाच मजकूर अशोकाने गिरनारला कोरवला, ओडिशात धौलीला कोरवला, डेहराडूनजवळ कालसीला, आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला आणि आपल्या सोपाऱ्यालाही. ही प्रतीच नाही का? पण इथे हिशेब उलटा. तीनशेवर थांबायचं नाही, तर जिथे माणसं येतात-जातात तिथे प्रत पोचवायची. सोपारा तेव्हा बंदर होतं, म्हणून प्रत इथे आली. सोपाऱ्याचा आठव्या लेखाचा तुकडा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

तेव्हा प्रती दोन तऱ्हेच्या. एक थोडक्यांसाठी, दुसरी सर्वांसाठी. आपल्या घरातली बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर दुसऱ्या तऱ्हेची. तिच्यावर क्रमांक नाही, ती विकून पैसे येणार नाहीत. तरी चाळ सोडून फ्लॅटमध्ये जाताना ती आधी नेतात.

मग क्रमांक आणि सही म्हणजे नुसता श्रीमंतांचा चाळा का? याचं उत्तर आपल्याच पालघर जिल्ह्यात मिळतं. 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. विरार सोडलं की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव आणि मग डहाणू रोड. तिथून आत गंजाड गाव. वारली चित्रांना जगात नेणारे जिव्या सोमा म्हसे इथलेच. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली आणि 2018 साली ते गेले. ही चित्रं पूर्वी बायका लग्नाच्या वेळी काढत. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी. पुढल्या पावसाळ्यांत चित्र पुसून जाई. 1970 नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून हात कागदावर वळले आणि चित्र टिकू लागलं, विकलंही जाऊ लागलं.

जपानशी या गावांचं नातं जुनं आहे. जपानच्या निगाता भागात तोकामाची इथे 1982 साली तोकिओ हासेगावा यांनी मिथिला म्युझियम उभारलं. तिथे मधुबनीबरोबर वारली चित्रंही जपली आहेत. म्हसे स्वतः तिथे जाऊन चित्रं काढून आले. पुढे जपानी मंडळींनीच वॉल आर्ट फेस्टिव्हल सुरू केला. पहिला 2010 साली बोधगयेजवळ सुजाता गावच्या शाळेत झाला आणि 2013 साली तो गंजाडला आला. जपानचे आजचे चित्रकार आणि वारली चित्रकार यांनी शाळेच्या भिंती रंगवल्या. त्या भिंतीवरच्या चित्राला क्रमांक नव्हता आणि ते कुणाला विकत घेऊन घरी नेता येणार नव्हतं. ते शाळेतल्या पोरांचं होतं.

पण दुसरी बाजूही पाहा. आज वारली चित्रं कपावर आहेत, साडीवर आहेत, हॉटेलच्या भिंतीवर आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर काढणाऱ्याचं नाव नसतं आणि त्याला दमडीही मिळत नाही. वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच कारणाने, की नक्कल करणाऱ्याने ते नाव फुकट वापरू नये. इथे सहीचा अर्थ कळतो. सही म्हणजे ‘हे मी केलं’ असं कष्टकऱ्याने सांगणं. क्रमांक म्हणजे ‘एवढंच केलं, जास्त केलं नाही’ असा घेणाऱ्याला दिलेला शब्द. शेवयांच्या किमतीत लाट छापणाऱ्या जपानी कोरक्याला ते मिळालं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या वारली पोराला ते मिळालं पाहिजे.

म्हणून घरातल्या मुलाने जपानी प्रिंट घ्यायचं म्हटलं तर त्याला हसू नका, पण चार गोष्टी विचारायला लावा. सही हाताची आहे की चित्राबरोबरच छापलेली? भिंगातून पाहिलं तर शाईचा फरक कळतो. क्रमांक हाताने लिहिला आहे का? कुठल्या गॅलरीतून आलं, त्याची पावती आहे का? फार स्वस्त असेल तर ते पोस्टर आहे. पोस्टर घ्यायला हरकत नाही, पोस्टरच्या पैशांत घ्यावं. आणि उद्या किंमत वाढेल या आशेने कर्ज काढून कागद घेऊ नये.

त्याच पैशांत दुसरा मार्गही आहे. सुटीच्या दिवशी डहाणूची गाडी पकडा आणि चित्र काढणाऱ्याच्या हातून लहानसं चित्र घ्या. मागे त्याचं नाव, गाव आणि तारीख लिहून घ्या. ते जगात एकच असतं, त्याला क्रमांकाची गरज नाही.

आणि जे काही घ्याल ते जपा. वसई-विरारची हवा खारट आणि दमट. कागदाला प्लास्टिक चिकटवून लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. फ्रेमवाल्याला सांगा की काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट घाल. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. मागे बुचाचे दोन तुकडे लावले की हवा खेळती राहते. ऊन थेट पडू देऊ नका, उदबत्ती तसबिरीपासून लांब लावा. दिवाळीच्या साफसफाईत फ्रेम उलटी करून कसर, वाळवी लागली नाही ना ते पाहा. घरातल्या जुन्या तसबिरींनाही हाच नियम.

सोपाऱ्याच्या स्तूपापाशी मुलांना एकदा जरूर न्या. सोन्याच्या डबीत मातीचे तुकडे का ठेवले असतील, हे त्यांनाच विचारा.