फ्रीगंजमधला समुद्र

उज्जैनला महाकालाचं दर्शन झालं की पुलापलीकडे फ्रीगंजलाही चक्कर मारा. टॉवर चौकात खाऊन झाल्यावर जवळच्या किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ मागा. पांढऱ्या, हलक्या दोऱ्यांची पुडी मिळेल. नाव गवताचं, वस्तू समुद्राची! लाल समुद्री शेवाळ उकळून, त्याचा रस गोठवून आणि वाळवून हे अगार तयार होतं.

समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. सुशीवरची नोरी किंवा कोरियातलं वाढदिवसाचं शेवाळाचं सूप म्हटलं की आपल्याकडे नाकं मुरडतात. पण गाईचा चीक मिळत नाही म्हणून घरोघरी होणारा खरवस याच शेवाळाचा!

अर्धा लिटर दुधाला 5 ग्रॅम चायना ग्रास पुरे. भिजवून, पाण्यात उकळून पूर्ण विरघळू द्या आणि साखर-वेलची घातलेल्या गरम दुधात गाळून मिसळा. ते 85 अंशांच्या आसपास विरघळतं, पण 40 च्या खाली गेल्यावरच घट्ट होतं. म्हणून एरवी ओट्यावरही वड्या पडतात. उज्जैनच्या मे महिन्यात मात्र फ्रिज हवाच.

स्वयंपाकघरातली हीच युक्ती फॅनी हेसे यांनी सुचवली आणि 1882 पासून रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू अगारवर वाढू लागले.

मुलांसाठी जेली आणताना पाकीट नक्की वाचा. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, अगार पूर्ण शाकाहारी. आजीच्या वाटीत जेली वाढण्याआधी एवढं तरी बघायलाच हवं.