बंबाचा पुनर्जन्म

वस्तू मरत नाही, ती माळ्यावर जाते, असा आमच्या घरचा सिद्धान्त आहे. आमच्याच कशाला, हिवरा आश्रमात कुठल्याही जुन्या घराच्या माळ्यावर चढा. बिनकाचेचा कंदील, तीन पायांचा चौरंग आणि तांब्याचा बंब भेटायचेच. आमच्याकडे गीझर आला त्या दिवशी बंब वर गेला. सौ. दर दिवाळीला तो मोडीत घालायला निघते आणि मी दर दिवाळीला आडवा येतो. ‘पण उपयोग काय त्याचा?’ या तिच्या प्रश्नाला चौदा दिवाळ्या माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं ते आईमुळे. वय ८४. त्यातली पन्नास वर्षं चुलीपुढे फुंकणी फुंकण्यात गेली आणि त्याचा हिशेब आता दम्याच्या रूपाने येतोय. डॉक्टरांनी बजावलं, “चूल बंद! धुरापासून निदान दहा हात लांब.” चूल गेली आणि तिच्याबरोबर आईची भूकही गेली. गॅसवरचं भरीत पुढे केलं की म्हणायची, “हे आजाऱ्याचं जेवण व्हय बाप्पा.” आधी अर्धी भाकरी, मग चतकोर, मग नुसतं दूध. आता आमचं गाव पडलं वांग्याचं. विवेकानंद जयंतीच्या महापंगतीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढतात ती पुरी आणि वांग्याचीच भाजी. अशा गावात म्हाताऱ्या माणसाने वांग्याला नको म्हणावं, म्हणजे मामला गंभीर.

सौ.ने आधी सोपा उपाय केला. भरतात वाटी, वाटीत निखारा, त्यावर तेलाचे चार थेंब, वर झाकण. धुंगार! आईने वास घेतला. “अगरबत्ती कोणती लावली?”

शेजारचे गुरुजी (विज्ञानाचे, निवृत्त, म्हणजे सदैव उपलब्ध) म्हणाले, “धूर आईकडे आणू नका, वांगं धुराकडे न्या.” परदेशात म्हणे लोक जुन्या पिंपात मासळी धुरावतात. लाकूड मंद धुमसलं की त्यातल्या लिग्निनपासून ग्वायकॉल नावाचं द्रव्य सुटतं. चुलीची चव ती बरीचशी तीच. हे आईला सांगितलं तेव्हा तिने तोंडाला पदर लावला.

आम्ही भंगारवाल्याकडे गेलो. त्याने प्रेमाने एक निळं पिंप काढलं. कपाशीवर फवारायच्या औषधाचं! आमच्या भागात हे पिंप स्वस्तात मिळतं आणि फार महागात पडतं. मग जस्ताच्या मुलाम्याची कोठी निघाली. जस्त फार तापलं की त्याच्या वाफेने माणसाला ताप भरतो, म्हणून गुरुजींनी तीही नाकारली. शेवटी पंधरा किलोचा तेलाचा डबा घेतला आणि मी माळ्यावर चढलो.

बंबाची रचना ज्याने काढली त्याला माझा दंडवत. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी. पाणी न भरता पेटवला तर डाग सुटतात, हे आजोबांनी लहानपणीच शिकवलेलं. पण इथे पाण्याने आणखी एक काम केलं : वर जाता जाता धूर निवला. नळकांड्याच्या तोंडावर पिठाची चाळणी, चाळणीत वांगी, त्यावर पालथा डबा, डब्याला खिळ्याने पाडलेली चार भोकं. खाली निखाऱ्यांवर बाभळीच्या ढलप्या आणि दाराशी वीट, हवा जेमतेम जाईल एवढी. दाट पांढरा धूर चवीला कडू. हवा तो निळसर, असून नसल्यासारखा. गॅसवर भाजून सोललेली वांगी त्यात वीस मिनिटं. मग ठेचलेली मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात.

आईने पहिला घास बराच वेळ तोंडात धरला. “पऱ्हाट्यांवर भाजलं काय रे?”

“बंबावर.”

“चालते,” ती म्हणाली आणि दुसरी भाकरी मागितली. सौ. घाईने आत गेली. भाकरी आणायलाच गेले होते, असं ती अजूनही सांगते.

बंब आता अंगणाच्या पार टोकाला असतो. आईची खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दहा हातांवर, खडूने रेघ मारून. गल्लीतल्या बायका वांगी घेऊन येतात आणि आई सूचना देते. सूचना नीट ऐकू जाव्यात म्हणून खुर्ची पुढे सरकते. रोज संध्याकाळी मी ती मागे ओढतो. काल मोजलं, तर सातच हात!

“डॉक्टर बुटके हायेत,” आई म्हणाली, “त्यांच्या हातानं मोज.”