साईट जूनमध्येच का झोपायची

आमच्या ट्रेकिंग ग्रुपची साईट वर्षभर बरी चालायची आणि नेमकी जूनमध्ये मान टाकायची. पहिल्या पावसाळी ट्रेकची नोंदणी रात्री नऊला सुरू होई. व्हॉट्सॲपवर लिंक पडली की काही मिनिटांतच '508 रिसोर्स लिमिट इज रीच्ड'. साईटचं काम माझ्याकडे, म्हणून शिव्याही माझ्याच वाट्याला.

होस्टिंग कंपनीच्या सपोर्टवाल्याने चॅटवर सरळ महागडा प्लॅन सुचवला. आमच्या प्लॅनवर 'अनलिमिटेड' लिहिलेलं होतं, मग संपलं काय? सीपॅनेल, म्हणजे होस्टिंगचं नियंत्रण-पान, उघडलं. कडेला वापराचे आकडे असतात. जागा भरपूर शिल्लक होती. 'एंट्री प्रोसेसेस' मात्र 20 पैकी 20.

आमचं होस्टिंग शेअर्ड. त्यात एका सर्व्हरवर शेकडो साईट असतात. एकीनेच सगळी ताकद खाऊ नये म्हणून प्रत्येकीला सीपीयू, मेमरी आणि एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची मर्यादा घातलेली असते. 20 प्रोसेस म्हणजे 20 माणसं नव्हेत. पान अर्ध्या सेकंदात तयार झालं तर सेकंदाला चाळीस जणांना मिळतं. आमचं पान चार सेकंद घ्यायचं, म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच जण. साईट ज्यावर चालते ते वर्डप्रेस प्रत्येकासाठी तेच पान नव्याने बनवत बसायचं.

कॅशिंगचं फुकट प्लगइन टाकलं. ते पान एकदा बनवून फाईल म्हणून ठेवतं आणि पुढच्यांना तीच फाईल जाते. भरलेला फॉर्म असा कॅश करता येत नाही, म्हणून नोंदणी गूगल फॉर्मवर हलवली. लॉगमध्ये बॉट दिवसरात्र वर्डप्रेसची 'एक्सएमएलआरपीसी' फाईल ठोठावताना दिसले. ती बंद केली. एवढ्यावर काम भागलं, प्लॅन तोच राहिला. सपोर्टवाल्यावर मी अजून थोडा चिडूनच आहे.

'अनलिमिटेड'मध्ये आणखी एक मेख असते. जागा मोकळी, पण फाईलींची संख्या ठरलेली. सीपॅनेलमध्ये तिला 'आयनोड' म्हणतात. कळसूबाईचा एक फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या लहानमोठ्या चारपाच प्रती करतं. होस्टिंगवरच्या मेलबॉक्समधली प्रत्येक मेलही एक फाईल असते. फोटो आधी लहान करून, निवडूनच चढवावेत.

मेल स्पॅममध्ये जाण्याचा त्रासही झाला. आयपी पत्ता सगळ्यांचा सामाईक, त्यामुळे कुण्या भलत्याच साईटने कचरा पाठवला तरी नाव आपलंही खराब होतं. मेल खरंच आपल्याकडूनच आल्याचं दाखवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी नीट केल्यावर फरक पडला. त्रास पुरता गेला नाही.

पैसे भरताना नूतनीकरणाचा दर आधी बघावा. पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी नसते.

बॅकअप कंपनी घेते म्हणतात, पण तो त्याच सर्व्हरवर असला तर सर्व्हरबरोबर तोही जातो. मी महिन्यातून एकदा घरच्या हार्डडिस्कवर उतरवतो. नुसत्या फाईली घेऊन चालत नाही. सगळा मजकूर डेटाबेसमध्ये असतो, तो पीएचपीमायॲडमिनमधून वेगळा काढावा लागतो.