नावाआधीचे टिंब

दिवाळीच्या साफसफाईत माळा सुनेकडे आणि संगणक माझ्याकडे, अशी यंदा वाटणी झाली. तो बिचारा महिनाभर ‘जागा नाही’ म्हणून कण्हत होता. उघडून पाहिले, तर आत विजेची चार बिले आणि माझ्या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा. मग जागा खाल्ली कुणी?

बंगळुरूच्या भाच्याला फोन लावला.

“मामा, लिनक्समध्ये ज्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं, तो दिसत नाही. टर्मिनल उघडा. ‘एलएस’ लिहा, जागा सोडा, आणि ‘हायफन ए’.”

लिहिले मात्र, त्या काळ्या खिडकीत टिंबवाल्यांची ही रांग लागली! इतकी बिऱ्हाडे आपल्या घरात राहतात आणि आपल्याला पत्ता नाही!

ही लपवालपवी मुळात कुणी योजलेलीच नव्हती. युनिक्सच्या प्रत्येक फोल्डरात दोन नोंदी असतात: एक टिंब म्हणजे तो स्वतः, दोन टिंबे म्हणजे त्याच्या वरचा. यादीत त्या नकोत म्हणून कर्त्यांनी सोपी युक्ती केली. पहिले अक्षर टिंब असेल तर नाव गाळायचे! झाले, टिंबाने सुरू होणारे प्रत्येक नाव गडप. त्या मंडळींतल्याच रॉब पाइक यांनी २०१२ साली हे लिहिले आहे. चला, थोरांच्या हातूनही अडगळ होते तर!

‘डीयू’ ही आज्ञा प्रत्येकाचे वजन सांगते. सर्वांत जड निघाला ‘.वाइन’, १४ जीबी. आमच्या सोवळ्या घरात वाइन! नातवाने सुट्टीत विंडोजचे खेळ खेळायला ती बसवली होती म्हणे.

“‘आरएम हायफन आर’ आणि पुढे नाव. पण इथे केराची टोपली नाही, मामा. गेलं ते गेलं. नाव दोनदा वाचा. आणि ‘.कॉन्फिग’ला हात लावू नका.”

वाइन ओतून दिली. पुढे होता ‘.थंबनेल्स’.

“तो जुन्या आवृत्तीचा. खुशाल काढा.”

काढण्यापूर्वी सवयीने आत डोकावलो. पाहिलेल्या प्रत्येक छायाचित्राची टपालाच्या तिकिटाएवढी प्रत संगणक तिथे ठेवीत असे. मूळ चित्र गेले तरी ती राहते.

२०१० साली आम्ही दोघे हंपीला गेलो होतो. परतल्यावर, दुसरी प्रत आहे अशा समजुतीने मी सगळी छायाचित्रे पुसून टाकली. ही एवढेच म्हणाली, “जाऊ द्या. डोळ्यांनी पाहिलंय ना?” २०१७ साली ती गेली.

दगडी रथाशी ती उभी होती. उन्हासाठी पदर डोक्यावर, आणि ‘आटपा लवकर’ असा चेहरा. रुंदी १२८ ठिपके. मोठे करू गेलो तर चेहऱ्याचे चौकोन होतात; म्हणून चष्मा पुसून तेवढेच पाहिले.

रात्री भाच्याचा फोन आला. “काढलंत ना, मामा?”

“काढलं,” मी म्हणालो.

काढले होते ते टिंब. ‘एमव्ही’ने नाव बदलता येते. आता तो फोल्डर बिलांच्या आणि मृत्युपत्राच्या शेजारी उघड दिसतो.