शेंद्र्याचे पाहुणे

गेल्या माघांत शेंद्र्यास आप्तांकडे उतरलों असतां आम्ही सहकुटुंब, कॅमेरा घेऊन, भल्या पहाटे सुखना धरणावर गेलों. कारखान्यांची गजबज मागें पडली, आणि उथळ पाण्यांत रोहित पक्षी चोंची उलट्या करून चिखल गाळतांना दिसले. अंगानें पांढुरके, तांबडा रंग सारा पंखांत मिटलेला. तो उडतांनाच उघडतो, म्हणून तर त्यांस अग्निपंख म्हणतात.

चिरंजीव म्हणाले, "एक खडा टाकूं?" खरें सांगावयाचें तर आमचेंही मन चळलें. तोंच तात्यांनीं दटाविलें, "अरे, पाहुण्याला कोणी पानावरून उठवतें का?"

याच जिल्ह्यांत अजिंठ्यास राहून मेजर रॉबर्ट गिल यांनीं लेण्यांचीं व वन्य प्राण्यांचीं छायाचित्रें घेतलीं. तीं १८६४ सालीं लंडनमध्यें पुस्तकरूपानें निघालीं. गिल नामांकित शिकारी. शिवाय त्या काळच्या कांचांना विषय निश्चल लागे. आमच्या यंत्रास ती सबब नाहीं.

दोन तास आम्ही बांधावर बसून राहिलों. थवा उठला तो आपल्या मर्जीनें, नेमका आम्ही थर्मासमधला चहा ओतीत असतांना! कॅमेरा पिशवींतच होता. तात्यांनीं मात्र तो रंग डोळे भरून पाहिला.