रंगाखाली दडलेला दोष

इंदूरच्या एका जुन्या घरासमोर उभी असलेली १९७१ सालची अँबेसेडर मार्क-२ म्हणजे नानांचा जीव की प्राण. नाना गणिताचे निवृत्त शिक्षक. १९८४ मध्ये त्यांनी ही गाडी एका डॉक्टरांकडून जुनीच विकत घेतली, तेव्हा शाळेतले सहकारी गालातल्या गालात हसले होते. पण पुढे याच गाडीतून मुलाची वरात निघाली आणि याच गाडीतून दोन्ही नाती इस्पितळातून घरी आल्या. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबेसेडर बनणे २०१४ मध्ये थांबले. नानांची गाडी मात्र थांबली नाही.

थोरल्या नातीचे लग्न ठरले तेव्हा नानांनी हट्टच धरला, "पोरगी सासरी जाईल ती याच गाडीतून." गाडीचे डेंटिंग-पेंटिंग झाले. दुधासारखा पांढरा रंग, आरशासारखी चकाकी. माईंनी हौसेने गाडीला हळदकुंकू लावले. आणि आठवड्याच्या आत गाडीने दगा दिला. सकाळी सेल्फ मारला, तर नुसते "टक्".

नानांचा गेल्या तीस वर्षांचा वायरमन म्हणजे छावणीतले उस्ताद. त्यांनी बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली, डायनामो उघडून झिजलेले कार्बन बदलले. चार दिवस गाडी झकास चालली. पाचव्या दिवशी पुन्हा तेच! नानांचा तोल गेला. दुकानात चार गिऱ्हाइके बसलेली असताना ते बोलून गेले, "इतक्या वर्षांचा विश्वास, आणि तुम्ही जुनेच कार्बन बसवून पैसे घेतलेत?" उस्ताद एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी खाली मान घालून पाना पुसला आणि तो जागेवर ठेवून दिला.

मग नवी बॅटरी आली. लग्नाच्या दिवशी गाडीने लाज राखली. पण दोन दिवसांनी स्वागत समारंभाहून परतताना आग्रा-मुंबई रस्त्यावर हेडलाइट पिवळे पडू लागले. हॉर्न घोगरा झाला, इंजिन आचके देऊ लागले आणि भर रहदारीत गाडी बंद पडली. मागून ट्रकचे हॉर्न, आत माई जीव मुठीत धरून बसलेल्या. चार अनोळखी मुलांनी धक्का मारून गाडी कडेला लावली.

त्या रात्री मुलगा शांतपणे, पण ठामपणे म्हणाला, "नाना, आता पुरे झालं. उद्या आईला काही झालं असतं तर? गाडी विकून टाकू." नानांकडे उत्तर नव्हते. उशिरापर्यंत ते अंगणात गाडीपाशी बसून होते. माई बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, गाडीपेक्षा तुमचं मन जास्त बिघडलंय. त्या उस्तादांना तुम्ही काय बोलून आलात, ते खातंय तुम्हाला."

धाकटी नात पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला. रविवारी सकाळी ती आपला मीटर घेऊन आली. "नाना, तुम्ही आम्हाला काय शिकवलंत? उत्तर चुकलं तरी चालेल, पण पायऱ्या लिहा. इथे तुम्ही सगळे पायऱ्या गाळून उत्तर शोधताय. कुणी म्हणतं कार्बन, कुणी म्हणतं बॅटरी. मोजून कुणी पाहिलंय?"

नानांनी मुकाट्याने वही-पेन्सिल आणली.

पहिली पायरी बॅटरी. इंजिन बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इथे होते १२.१. म्हणजे बॅटरी मेलेली नव्हती, उपाशी होती. दुसरी पायरी, इंजिन चालू करून जरा वेग वाढवला. चार्जिंग होत असेल तर बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट यायला हवेत. मीटरवर १२ आणि तेही उतरत चाललेले. घरात पगार येतच नव्हता, सगळा खर्च शिलकीतून चालला होता. नवी बॅटरी घेणे म्हणजे नुसते नवे पासबुक घेण्यासारखे!

तिसरी पायरी फॅन बेल्ट. अंगठ्याने दाबून पाहिला, ताण ठीक होता. तेवढ्यात नाना म्हणाले, "एक गंमत सांगू? तो चार्जिंगचा लाल दिवा रेस वाढवली की विझतो, आणि आणखी वाढवली की पुन्हा पेटतो, आधीपेक्षा जास्त."

नात थबकली. "हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"नाही. कुणी विचारलंच नाही."

त्या दिव्याचे एक टोक बॅटरीकडे असते आणि दुसरे डायनामोकडे. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की दिवा विझतो. पुन्हा पेटला, याचा अर्थ डायनामोचा दाब बॅटरीच्याही वर गेला, पण बॅटरीपर्यंत पोहोचला नाही. म्हणजे डायनामो निर्दोष! या दोघांच्या मध्ये एक छोटी पेटी असते, तिला मिस्त्री मंडळी कटआउट म्हणतात. डायनामोचा दाब पुरेसा झाला की तिच्यातील चुंबक वाट उघडून देतो, आणि इंजिन मंदावले की वाट बंद करतो, म्हणजे बॅटरीतली वीज उलटी वाहून जात नाही. दाब फार वाढू न देण्याचे कामही हीच पेटी करते.

चौथी पायरी, पेटीवरच्या डायनामोच्या टोकावर मीटर लावला. रेस वाढवताच आकडा वीसच्या पुढे गेला. पाचवी पायरी, पेटीचे अर्थचे टोक. बॅटरीच्या अर्थशी ताडून पाहिले, तर तिथे शून्य यायला हवे होते. आले जवळपास तेवढेच वीस! पेटीला अर्थच मिळत नव्हता. अर्थाशिवाय चुंबक जागा होत नाही, आणि चुंबक जागा झाल्याशिवाय वाट उघडत नाही.

रेस कमी करून नातीने एका जादा वायरने पेटीचे ते टोक बॅटरीच्या अर्थला जोडले. पुन्हा हळूच रेस दिली. पेटीतून "टक्" असा बारीक आवाज आला, लाल दिवा विझला तो विझलाच. मीटरवर १४.१!

अर्थची वायर जिथे बॉडीला कसली होती, तो स्क्रू काढला. वायरच्या गोल टोकाखाली तोच दुधासारखा पांढरा रंग जाड थराने बसला होता. रंगवाल्याने वायर सोडून ठेवली, रंग मारला आणि त्या रंगावरच स्क्रू कसला. रंगातून वीज जात नाही. दोन रुपयांच्या पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, स्क्रू घट्ट बसवला, वर थोडे व्हॅसलीन लावले. संपले काम.

नाना मात्र हसले नाहीत. "म्हणजे दोष मी हौसेनं लावलेल्या रंगाचा होता, आणि बोल लावला मी त्या बिचाऱ्याला."

त्याच संध्याकाळी ते गाडी घेऊन छावणीत गेले. दुकानात गिऱ्हाइके होती. नाना त्यांच्यादेखतच म्हणाले, "उस्ताद, चूक माझी होती. त्या दिवशी चारचौघांत बोललो, म्हणून आज चारचौघांतच माफी मागायला आलो."

उस्तादांनी स्टूल पुढे सरकवले. सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाले, "मास्टरसाब, गलती मेरी भी थी. गाडी से नए पेंट की बू आ रही थी, फिर भी मैंने पूछा नहीं." आणि चहा मागवला.

घरी मुलाने गाडी विकण्याचा विषय पुन्हा काढला नाही. एवढेच म्हणाला, "रात्री लांब जायचं असलं, तर आधी मीटर लावून बघायचा." नानांनी ते वहीत लिहून घेतले. खाली त्यांनी स्वतःसाठी आणखी एक ओळ लिहिली: कुणाला दोष देण्यापूर्वी, आपण अलीकडे काय बदलले ते आठवावे.

गाडीला काय आणि घराला काय, हे तंतोतंत लागू पडते. वरचा रंग कितीही चकचकीत असला, तरी आतले नाते उघड्या पत्र्याला टेकलेले असावे लागते.