वळवातली सुपारी

बँडवाल्यांचं वर्ष तुळशीच्या लग्नाला सुरू होतं आणि आषाढी एकादशीच्या अलीकडं संपतं. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, म्हणजे पंचांगानं पावसाळा आधीच वगळून ठेवलेला. ही सोय ज्यानं कुणी लावली, त्याला घाटमाथ्याचा पाऊस ठाऊक असणार. राधानगरीत जुलैत मांडव घालणं म्हणजे भोगावतीच्या पात्रात चूल मांडणं.

पण पंचांगाला वळीव धरता येत नाही. एप्रिल-मे हे ऐन तारखांचे दिवस. ऊस कारखान्याला गेलेला असतो, पोरांच्या शाळा सुटलेल्या असतात, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली माणसं गावात असतात. मोसमी पाऊस आमच्याकडं दाजीपूरच्या अंगानं, कोकणातनं घाट चढून येतो, तोही चांगली वर्दी देऊन. वळीव बहुतेकदा उलट्या बाजूनं, उगवतीकडून. दुपारभर झाडाचं पान हलत नाही, मग अचानक धुळीचा लोट उठतो, आणि मांडववाल्याची माणसं खांब धरायला धावतात.

आमच्या भावकीतल्या एका वरातीत हे जवळून बघितलं. नवरदेव गाडीत बसलेला, पोरं नाचायच्या तयारीत, बँड नुकताच सुरात आलेला. क्लॅरिनेटवाल्या मास्तरानं मान वर केली, आभाळाकडं एकदाच बघितलं आणि वाजवता वाजवताच डाव्या हातानं मागच्या गाडीला खूण केली. वऱ्हाडाला अजून थेंबही लागला नव्हता. गाडीवरच्या पोरानं ताडपत्री ओढली, अॅम्प्लिफायर झाकला, जनरेटर बंद केला. मग गारा आल्या. वऱ्हाड देवळात, शाळेच्या व्हरांड्यात, मिळेल त्या वळचणीला पळालं. बँडची माणसं मात्र शेवटी आली, कारण आधी वाद्यं आली. लाल कोट, सोनेरी झालरी, खांद्यावरचे बिल्ले, सगळं चिंब. आणि कॅसिओ एकाच्या बनियनमध्ये गुंडाळलेला. अंगातला कोट तसाच ठेवून आतला बनियन कधी काढला, हे त्याचं त्याला माहीत.

या घाईला कारण आहे. पितळी वाद्याला पाण्याचं फार भय नाही. ट्रंपेट उलटा करून झटकला की झालं. क्लॅरिनेटचं तसं नसतं. लाकूड ओल धरतं, भोकांवरच्या चकत्या फुगतात आणि नीट बसत नाहीत, मग फुंकर निसटते. तोंडाजवळची पट्टी तर एवढीशी, पण तीच बिघडली तर मास्तर मुका. आणि आमच्या कोल्हापूर भागाचा जीव जिच्यात आहे ती हलगी! घुमकं आणि कैताळाच्या साथीनं ती कडाडायला लागली की म्हाताऱ्याचेही पाय जाग्यावर राहत नाहीत. पण ती कातड्याची. दमट हवेतसुद्धा उतरते, मग भिजल्यावर काय सांगावं. तिला शेकावं लागतं. पाचट नाहीतर कागद पेटवायचा, जाळावर हलगी फिरवत राहायचं, मध्येच बोटानं टिचकी मारून कान द्यायचा. जास्त शेकली तर पान फाटतं, कमी शेकली तर ठप्प वाजते. पाऊस थांबल्यावर सगळं ओलं असताना जाळ तरी कशाचा करायचा? म्हणून आता पुष्कळांनी फायबरचं पान घातलं आहे. ते भिजत नाही, शेकावंही लागत नाही. आवाजात तो कडका मात्र येत नाही, असं माझं मत. वाजवणारे यावर वाद घालतात, आणि वाद घालायचा हक्क त्यांचाच.

त्या रात्री पाऊस ओसरला तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. वीज गेलेली. जनरेटर झटके खाऊन सुरू झाला. ओल्या वायरींना हात लावायला कुणी धजेना, ते बरोबरच होतं. गाडी चिखलातनं ढकलून काढेपर्यंत दहा वाजत आले. आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक आणि वाद्यं बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा नियम. नियम चांगलाच आहे. गावात आजारी माणसं असतात, तान्ही बाळं असतात. पण वळवाच्या संध्याकाळी बँडवाला दोन्हीकडून सापडतो. आधीचे दोन तास पाऊस नेतो, नंतरचे घड्याळ.

खरी गोष्ट पुढं आहे. सकाळी हिशेबाला बसले. मांडववाल्याचे पैसे पुरे दिले, मांडव अर्धा आडवा झालेला असूनही. आचाऱ्याचे पुरे दिले. फोटोवाल्याचे पुरे. बँडच्या मालकाची पाळी आली तेव्हा घरातले एक वडीलधारे सुपारी कातरत म्हणाले, ‘‘वाजिवलंसा कुठं? पाऊसच वाजला की रातभर.’’ सगळे हसले. मालकही हसला. इसार आधी दिला होता, वर थोडे हातावर ठेवले आणि विषय मिटवला. कुणी दुष्ट नव्हतं. त्याच माणसांनी बँडवाल्यांना आग्रह करून जेवायला वाढलं होतं.

मला खुपतं ते एवढंच की, पावसाचा तोटा कुणी सोसायचा हे कुणी ठरवलेलं नसतानाही तो दर वेळी एकाच दारात जातो. माणसं आली होती. दुपारपासून गणवेश घालून उभी होती. गाडीचं डिझेल जळलं होतं. यांतली बरीच माणसं पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात रोप लावणीला जातात. मे महिन्यातली एक बुडालेली तारीख त्यांना भरून काढायला जागा नसते, कारण पुढं मुहूर्त थोडेच उरतात.

लांबची गोष्ट सांगतो. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत वुडस्टॉकचा तो गाजलेला उघड्यावरचा संगीत महोत्सव पावसानं झोडपला. वादळामुळं रविवारचा कार्यक्रम कित्येक तास अडला. त्याच्या आदल्या रात्री ग्रेटफुल डेड या बँडच्या वादकांना ओल्या मंचावर विजेचे झटके बसत होते. पण त्यांनी आणि ‘द हू’ या बँडनं पैसे आधी हातात घेतल्याशिवाय मंचावर पाय ठेवला नव्हता. त्यांचं तेव्हा हावरट म्हणून हसं झालं असेल. मला ती माणसं शहाणी वाटतात.

आमचा तालुका पाण्याच्या हिशेबात काही कच्चा नाही. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीला आलं की ते आपले आपण उघडतात, एकेका दारातून १४२८ क्युसेक. कितवा दरवाजा उघडला हे खाली पंचगंगेच्या काठापर्यंत माणसं कान देऊन ऐकतात, आणि त्यावर जनावरं हलवायची की नाही ते ठरवतात. मेअखेरीला काजवे बघायला शहरातली माणसं येतात, तीही वळीव किती झाले हे आधी विचारून घेतात. एवढी पावसाची मोजदाद करणारा मुलूख वरातीतला पाऊस मात्र हसण्यावारी नेतो.

यंदा तुळशीच्या लग्नानंतर घरात कार्य असेल, तर बँड ठरवायला बसाल तेव्हा गाण्यांच्या यादीआधी हे विचारा : वळीव आला आणि वाजवायचं राहिलं, तर किती द्यायचे? मालक संकोचानं ‘‘बघू की तवाच्या तवा’’ म्हणेल. ते ऐकू नका. माणसांची हजेरी आणि गाडीचं डिझेल पुरं देईन, एवढं सुपारी देतानाच चार माणसांसमोर बोलून टाका.